डोंगर रिकामा आहे

१

त्या हिवाळ्यात माझा दिवस ठरलेला होता. उजाडले की मी बोगद्याच्या तोंडाशी असलेल्या लाकडी चौकीचे दार उघडीत असे, शेगडी पेटवून तिच्यावर कॉफीचे भांडे चढवीत असे आणि टेबलावरील काळा टेलिफोन रुमालाने पुसून त्याच्यासमोर बसत असे. टेलिफोनवर धूळ सहसा नसे. परंतु पुसल्याखेरीज कामास बसणे मला प्रशस्त वाटत नसे.

डोंगराच्या पोटात मोबाइल चालत नाही. म्हणून कंपनीने आत तार टाकली होती. तिच्यावर दोन टेलिफोन होते. एक बोगद्याच्या अगदी शेवटी. दुसरा डोंगराच्या वरच्या अंगास बाहेर पडणाऱ्या आडबोगद्याच्या दारापाशी. दोन्हींची घंटा माझ्या चौकीत सारखीच वाजे, आणि बोलणाराने स्वतः सांगितल्यावाचून तो कोठून बोलतो आहे हे कळण्यास मार्ग नव्हता. सुरुंग उडवण्यापूर्वी आतला शेवटचा माणूस आडबोगद्याने बाहेर पडे व तेथून मला तसे कळवी. मग मी पाळीचा प्रमुख ओड्वार यास एकच वाक्य ऐकवीत असे : "डोंगर रिकामा आहे." ते वाक्य माझ्या तोंडून निघाल्यावाचून कोणीही कळ दाबावयाची नाही, असा नियम होता.

कंपनीने आमच्या खोऱ्यात दोन कामे एकदम काढली होती. वर पठारावर पवनचक्क्या उभ्या राहत होत्या आणि खाली आमचा बोगदा ग्रोवात्न सरोवराच्या तळाकडे सरकत होता. वारा असेल तेव्हा चक्क्यांनी वीज द्यावी, वारा पडला की सरोवराने द्यावी, अशी ती योजना. अशा बोगद्याचे शेवटचे काम नाजूक असते. सरोवराचा तळ आणि बोगदा यांच्यामध्ये खडकाचा एक जाड तुकडा राखलेला असतो. आम्ही त्यास बूच म्हणतो. ते खालून उडवले की सरोवर बोगद्यात उतरते. त्या वेळी आत जो कोणी असेल, तो पुन्हा सापडत नाही.

त्या बुचाच्या खडकाची पारख करण्याचे काम माझी मुलगी हाल्दिस हिच्याकडे होते. ती माझे एकुलते अपत्य. काम चालू असेपर्यंत ती माझ्याच घरी राहत होती, आणि सकाळी एका टेबलावर पाव खाऊन आम्ही दोघे बरोबरच निघत असू.

२

चौकीला लागून जेवणाची खोली होती. मधले दार उघडे असल्याने मला टेलिफोनजवळ बसूनही सगळी मंडळी दिसे. त्या दुपारी ओड्वार सुट्टीहून परतला होता, आणि पावावर तपकिरी चीज लावता लावता घरची हकिगत सांगत होता.

"इतके दिवस इथं राबून घरी गेलो. दार उघडलं, तर बायको काय म्हणाली असेल? 'गेल्या भेटीबद्दल आभार!'"

मंडळी खो खो हसली. आमच्याकडे हे आभार पाहुण्यांचे असतात. मागे कधी कोणाबरोबर चार घटका बसणे झाले असेल, तर पुन्हा भेटताच प्रथम ते मानावयाचे, आणि ऐकणाराने "आभार तर आपलेच" असे म्हणून त्या मागच्या भेटीस जणू दुजोरा द्यावयाचा. घरच्या माणसास असे म्हणणे म्हणजे त्यास उंबऱ्याबाहेर उभे करणे होय.

"मग तू काय केलंस?" हाल्दिसने विचारले.

"काय करणार? 'आभार तर आपलेच' म्हटलं, बूट काढले आणि पाहुण्यासारखा बाहेरच्या खोलीत जाऊन बसलो. निदान कॉफी तरी हातात मिळाली!"

"बरी खोड मोडली तुझी."

"तू हस. तुझे बाबा बघ, चुकीचा नंबर लागला तरी उठून आभार मानतात. काय हो आन्फिनकाका?"

मी उत्तर देणार, तोच टेलिफोन वाजला.

मी रिसीव्हर उचलला. पलीकडून एक आवाज अगदी सावकाश म्हणाला, "गेल्या भेटीबद्दल आभार."

"आभार तर आपलेच," मी म्हणालो.

कोण बोलत आहे, हे मी विचारले नाही. अशा प्रसंगी तसे विचारणे असभ्यपणाचे ठरते. समोरच्याची भेट आपण विसरलो, असा त्याचा अर्थ होतो. पलीकडून एक समाधानाचा सुस्कारा ऐकू आला. त्यामागे कोठेतरी पाणी ठिबकत होते आणि त्या थेंबांचा आवाज एखाद्या प्रशस्त, उंच छताच्या दालनात घुमावा तसा घुमत होता. मग लाइन बंद झाली.

"कोण होतं बाबा?" हाल्दिसने विचारले.

मी उघड्या दारातून जेवणाच्या खोलीकडे पाहिले. बोगद्यात काम करणारा प्रत्येक माणूस तेथे बसून खात होता.

३

"चक्कीवाल्यांपैकी कोणीतरी असणार," ओड्वार म्हणाला. "त्यांची तार आपल्याच चरातून जाते ना? वर पठारावर वाऱ्याशिवाय बोलायला कोणी नाही. करमत नसेल बिचाऱ्यांना."

मला ते पटले. दोन तारा शेजारी असल्या की एकीचे बोलणे दुसरीत उतरते, हे मी निवृत्तीपूर्वी खालच्या जुन्या वीजघरात नोकरी करताना अनेकदा अनुभवले होते. तारा तपासावयास माणूस आला. त्याने सर्व जोड उघडून पाहिले व पुन्हा बंद केले. दोष सापडला नाही. दोष सापडला नाही याचा अर्थ दोष नाही असा होत नाही, असे मी स्वतःस बजावले.

त्यानंतर तो टेलिफोन अधूनमधून येऊ लागला. तो नेहमी मधल्या सुट्टीत येई, आत कोणीही नसताना. पहिले वाक्य तेच असे आणि माझे उत्तरही तेच असे. परंतु माझ्या प्रत्येक उत्तरानंतर पलीकडचा आवाज थोडा अधिक मोकळा होई. जसा पाहुणा आधी खुर्चीच्या कडेवर बसतो आणि मग हळूहळू पाठ टेकतो.

"कॉफी उकळतेय वाटतं तुमच्याकडं," तो एकदा म्हणाला.

माझ्या मागे शेगडीवर खरोखरच भांडे उकळत होते. टेलिफोनमधून त्याचा आवाज ऐकू जाणे अशक्य नव्हते. मी तसे मनास समजावले.

पुढच्या खेपेस तो म्हणाला, "हाल्दिस येऊन बसते ना, तेव्हा इथं बरं वाटतं."

मी झटकन मान वळवली. हाल्दिस माझ्या शेजारीच उभी राहून बिस्किट कॉफीत बुडवीत होती.

"काय झालं?" ती म्हणाली. "चेहरा असा का केलात?"

"काही नाही. चक्कीवाले."

"त्यांना म्हणावं, एवढा वेळ असेल तर खाली येऊन आमच्या गाड्या धुवा."

बोगद्यात तिचे नाव सर्वांनाच ठाऊक होते, आणि पठारावरही असणारच. ती नेहमी येऊन 'बसते' कोठे, एवढेच मला उमगत नव्हते. बुचापाशी बसण्यासारखे काहीही नाही. तेथे ओला खडक आहे, दिवा आहे आणि टेलिफोन आहे.

४

"बूच उत्तम आहे," त्या संध्याकाळी जेवताना हाल्दिस म्हणाली. "पहार मारली की नुसतं खणखणतं. कुठं पोकळी नाही, कुठं भेग नाही. फक्त एक गंमत आहे."

"कसली?"

"प्रतिध्वनी जरा उशिरा येतो."

"बोगदा लांब आहे."

"ते मलाही कळतं बाबा." ती बटाटा सोलीत होती. "पण काल एकदा तो आधी आला. मी पहार नुसती उचलली होती."

मी चमचा खाली ठेवून तिच्याकडे पाहिले. ती हसू लागली.

"अहो, दमले होते मी! कान वाजले असतील. तुम्ही लगेच असे काय बघता?"

"शेवटच्या दिवशी तपासणीला दुसऱ्या कोणाला पाठव."

"का?"

एका टेलिफोनवर कोणी माझ्याशी सभ्यपणे बोलतो, एवढीच माझी तक्रार होती.

"रिटायर झाल्यावर माणसं भित्री होतात म्हणे," ती बटाट्याचा दुसरा तुकडा माझ्या ताटलीत टाकीत म्हणाली. "खडक माझा आहे बाबा. शेवटचं बघून मीच बाहेर येणार. खा, निवतंय."

५

बूच उडवण्याचा दिवस स्वच्छ उजाडला. वारा मुळीच नव्हता, आणि पठारावरच्या चक्क्या पाती पसरून निश्चल उभ्या होत्या. सरोवर अजून गोठलेले होते. चौकीच्या खिडकीतून दिसणाऱ्या त्याच्या काठी कंपनीची मोठी माणसे जमली होती. त्यांच्यासाठी तंबूत वॅफल भाजले जात होते. बोगद्यातील सर्व मंडळी बाहेर आली. सुरुंगाची पेटी माझ्या चौकीत आणून ठेवली होती, तिच्यात किल्ली घातलेली होती आणि ओड्वार तिच्याजवळ उभा होता. आत एकटी हाल्दिस होती. बुचाची शेवटची पाहणी करून तिने गाडीने आडबोगद्याकडे यावे, तेथून बाहेर पडावे आणि मला कळवावे, असे ठरले होते.

मी टेलिफोनकडे पाहत बसलो. तो वाजत नव्हता. ओड्वार एकदा या पायावर, एकदा त्या पायावर उभा राही. वेळ झाली आणि टळूनही गेली.

मग घंटा वाजली.

"बाबा, मी बाहेर आले. आडबोगद्यावरून बोलतेय."

तो हाल्दिसचाच आवाज होता. आदल्या दिवसापासून तिचे नाक चोंदले होते, तेही त्यात होते. माझ्या छातीवरचे ओझे एकदम उतरले.

"डोंगर रिकामा आहे, सांगा त्यांना," ती म्हणाली.

मी ओड्वारकडे वळलो. वाक्य ओठांवर आले होते.

"आणि बाबा," रिसीव्हरमधून आवाज आला, "गेल्या भेटीबद्दल आभार."

त्या सकाळी तिने माझ्या वाटणीचा मुरंबा संपवला होता आणि खरकटा कप माझ्याचसमोर तसाच टाकून ती मोजे शोधत घरभर फिरली होती. आमची 'गेली भेट' ती. तिचे आभार कोण मानतो?

उत्तर माझ्या जिभेवर आपोआप आले. आयुष्यभराची सवय होती ती. मी दात घट्ट मिटले.

"बाबा?"

मी बोललो नाही.

"आभार मानले मी." आवाज तोच होता, परंतु आता त्याच्यामागे पाणी ठिबकू लागले होते, त्याच प्रशस्त दालनातले. "उत्तर द्यायचं असतं ना?"

मी रिसीव्हर कानापासून दूर केला आणि आवाज न होईल अशा बेताने टेबलावर आडवा ठेवला.

६

"आली ना बाहेर?" ओड्वारने विचारले.

"आले, असं म्हणाली."

"मग म्हणा की वाक्य!"

"नाही म्हणत."

त्याने माझ्याकडे आणि मग खिडकीबाहेर पाहिले. "आन्फिनकाका, काठावर अख्खी कंपनी थंडीत गोठतेय. आता कसली थट्टा?"

"थट्टा नाही. ती बाहेर आलेली नाही."

"आत्ताच तर म्हणालात, आली! स्वतःच्या पोरीचा आवाज ओळखता येत नाही का तुम्हाला?"

"आवाज तिचाच आहे. पण तिनं मला गेल्या भेटीबद्दल आभार म्हटलं."

ओड्वारच्या चेहऱ्यावर हसू उमटू लागले होते. ते अर्ध्यावर थांबले. तो टेबलावर आडव्या पडलेल्या रिसीव्हरकडे पाहत राहिला.

"तुम्हाला?" तो हळूच म्हणाला. "बापाला?"

"सकाळी एका टेबलावर खाल्लं आम्ही."

त्याने पेटीतील किल्ली काढली आणि खिशात घातली. मग काठावरच्या लोकांना फोन करून, थोडा उशीर होईल, वॅफल खात राहा, असे सांगितले. कारण त्याने सांगितले नाही.

आम्ही बोगद्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहिलो. आणि तेथे, थंडीत, माझ्या विचारशक्तीने माझ्यावर खरा हल्ला केला. ओड्वारची ती बायकोची गोष्ट ऐकून हाल्दिस सर्वांत अधिक हसली होती. तिनेच माझी गंमत केली असेल तर? यशाच्या आनंदात तिला तो विनोद आठवला असेल, आणि मी मात्र तिच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या दिवशी सगळ्या कंपनीसमोर तिचा पाणउतारा करीत आहे, एका पाण्याच्या थेंबाच्या आवाजावरून. तसे असेल तर ती मला क्षमा करणार नाही, आणि तिने करूही नये. मी तसे असावे म्हणून मनोमन प्रार्थना करीत होतो.

बोगद्यात दूर एक दिवा दिसला.

७

ती पायी आली. गुडघ्यांपर्यंत भिजलेली, हेल्मेट तिरपे झालेले, आणि संतापलेली.

"चाललंय काय तुमचं?" तिने लांबूनच ओरडून विचारले. "गाडी बुचापाशीच बंद पडली. किती वेळ फोन करतेय, लाइन मोकळीच नाही! शेवटी चालत निघाले. सबंध बोगदा तुडवत आलेय मी. तुम्ही कळ दाबली असतीत म्हणजे?"

ओड्वारने खिशातील किल्ली चाचपली.

"लाइनवर कोण होतं?" मी विचारले. माझा आवाज मलाच परका वाटला.

"कोण म्हणजे? तुम्हीच! 'आभार तर आपलेच, आभार तर आपलेच.' एकसारखं. मी मधे ओरडतेय, 'बाबा, बाबा,' तर तुमचं आपलं चालूच. इतका वेळ कोणाशी बोलत होता?"

ती बुचापाशी असताना माझा टेलिफोन मुका होता, आणि मी त्याच्याकडे नुसता पाहत बसलो होतो. हे मी तिला सांगितले नाही. मी तिची बाही धरली. ती बाही खरीच होती. ओली, गार आणि मातीने माखलेली.

"आडबोगद्याकडं गेली होतीस?" ओड्वारने विचारले.

"कशाला जाऊ? सरळ आले इकडं."

माणूस आत अडकल्याची शंका आली की सबंध बोगदा पुन्हा पाहावा लागतो. ओड्वार दुसरी गाडी घेऊन, दोन गड्यांना बरोबर घेऊन आत गेला. तो परतेपर्यंत हाल्दिसची बाही मी सोडली नाही. ती पहिल्यांदा वैतागली, नंतर माझ्या चेहऱ्याकडे पाहून तिने दुसऱ्या हाताने हेल्मेट सरळ केले.

ओड्वार परतला तेव्हा त्याने प्रथम गाडीचे दार नीट लावले.

"आत कोणी नाही," तो म्हणाला. "बुचापाशी नाही, मधे नाही. आडबोगद्यातही कोणी फिरकलेलं नाही. दाराबाहेरचा बर्फ जसाच्या तसा आहे, एक पाऊल नाही त्याच्यावर."

"आणि तिथला टेलिफोन?"

"खाली लोंबत होता. जागेवर ठेवला मी." तो आपल्या उजव्या हाताच्या तळव्याकडे पाहत होता. "कोमट होता काका. कोणीतरी बराच वेळ कानाला लावून धरावा, तसा."

त्याच्याबरोबर गेलेले दोघे लगेच तंबूकडे निघून गेले.

८

बोगद्याच्या तोंडाचे पोलादी दार मिटवल्यावर मी हाल्दिसला चौकीत माझ्यासमोर उभे केले. सगळ्या गड्यांना खिडकीबाहेर, मला दिसतील असे उभे केले. एकेकाचा चेहरा पाहिला. मग तिच्याकडे पाहत, प्रत्येक अक्षर सुटे करून मी म्हणालो, "डोंगर रिकामा आहे."

ओड्वारने किल्ली फिरवली आणि कळ दाबली.

पायाखालची जमीन एकदा दचकली. सरोवराच्या मधोमध बर्फ खचला आणि त्यातून काळे पाणी उसळून पुन्हा खाली ओढले गेले. क्षणभराने बोगद्याच्या दाराच्या फटींतून वाऱ्याचा एक थंड लोट आला आणि त्याच्यामागून डोंगराच्या पोटातील गर्जना. सरोवर उतरत होते. दार मिटलेले होते, तरी खिडकीच्या काचा थरथरत राहिल्या. काठावर लोक टाळ्या वाजवू लागले. टेबलावरच्या टेलिफोनमध्ये एक बारीक 'खट्' झाले आणि मग तो पूर्ण निर्जीव झाला. पाण्याने आतली तार तोडली होती. मी रिसीव्हर कानाला लावून खात्री करून घेतली. त्यात काहीही नव्हते. साधी, कोरी, चांगली शांतता.

"फुटलं!" हाल्दिस ओरडली. "अगदी हवं तसं फुटलं, ऐकलंत? कड न कड सुटली! म्हटलं नव्हतं, खडक उत्तम आहे?"

"म्हटलं होतंस."

"मग आता तरी सांगा, लाइनवर कोण होतं?"

"मला ठाऊक नाही," मी म्हणालो. ते खरे होते आणि ते म्हणताना मला विलक्षण हलके वाटले.

तिने क्षणभर माझ्याकडे रोखून पाहिले. मग खांदे उडवले, खुर्चीत बसकण मारली आणि बूट काढून बाजूला फेकले. लोकरीचे मोजे पिळून तिने ते शेगडीच्या कडेवर वाळत घातले. थोड्याच वेळात त्यांतून वाफ निघू लागली, आणि ओली लोकर, चिखल व दिवसभराचा घाम यांचा एक उग्र दर्प त्या लहानशा चौकीत कोंदून राहिला.

ओड्वार दारात येऊन थबकला आणि त्याने नाक धरले. "देवा रे! हाल्दिस, यापेक्षा सुरुंग बरा होता."

"तुझ्या बायकोला सांग, पुढच्या वेळी तुझेही असेच वाळत घाल म्हणावं."

"काका, खिडकी तरी उघडा!"

असल्या गोष्टींविषयी माझे मत खोऱ्यात सर्वांना ठाऊक आहे. बसण्याच्या ठिकाणी मोजे वाळत घालणे मी कधी खपवून घेतलेले नाही. मी खुर्चीत मागे रेलून बसलो, तो दर्प पोटभर आत घेतला आणि खिडकी बंदच ठेवली.